टचपॅड फुगलाय ते आधी बघ, खुर्चीचं नंतर

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देते.

"ताई, मी ३४ वर्षांची, सांगलीत राहते, पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. रोज नऊ-साडेनऊ तास लॅपटॉपवर. घर दोन खोल्यांचं, वेगळी अशी जागा नाही, म्हणून हॉलमधल्या दिवाणावर मांडी घालून, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप असं चार वर्षं चाललंय. आता मान आणि उजवा खांदा रोज दुखतो, रात्री उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पुढच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते. डाव्या मांडीवर जाळीसारखे तांबूस डाग पडलेत. संध्याकाळी डोळे चुरचुरतात. मिस्टर म्हणतात ऑनलाइन १८ हजारांची खुर्ची आहे ती घेऊन टाकू. घेऊ का? माझी उंची पाच फूट एक इंच. आणि हो, चार्जिंगला लावलेला असताना लॅपटॉपला हात लागला की बारीक करंट जाणवतो, आणि दोन आठवड्यांपासून टचपॅड नीट दाबला जात नाही, झाकण पण पूर्ण बसत नाही, पण ते मी माउस घेऊन भागवीन. संध्याकाळी माझा नऊ वर्षांचा मुलगा त्याच्यावरच अभ्यासाचे व्हिडिओ बघतो. मला अहो-जाहो करू नका, तुमच्या धाकट्या बहिणीसारखीच समजा."

अगं, धाकटी बहीण म्हणालीस ना, मग मोठ्या बहिणीसारखंच आधी जरा दटावते. तू सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलेली गोष्ट सगळ्यात पहिली लिहायला हवी होती. मान दुखतेय ते चार वर्षांच्या बसण्याचं दुखणं आहे, ते अजून चार दिवस थांबेल. टचपॅड मात्र आज संध्याकाळपर्यंतही थांबायला नको.

माझं लॅपटॉप रिपेअरिंगचं काम आहे, अठरा वर्षं झाली, आणि "टचपॅड क्लिक होत नाही, जरा बघा" म्हणून जे लॅपटॉप टेबलावर येतात त्यात बिघाड टचपॅडमध्ये नसून खालच्या बॅटरीत आहे असं कितीतरी वेळा निघतं. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी बरोबर तळहात टेकतो त्या भागाच्या आत असते, तिच्यावरच टचपॅड. बॅटरी म्हणजे चपट्या पाकिटांसारखे सेल असतात, आतलं रसायन बिघडायला लागलं की गॅस तयार होतो आणि पाकीट फुगतं, जसं बिघडलेलं दुधाचं पाऊच फुगतं तसंच, आणि मग ते खालून टचपॅडला दाबायला लागतं, म्हणून वरून क्लिक होत नाही. झाकण न बसणं पण त्यातलंच, तळहाताची पट्टी वर उचलली गेलेली असते. खात्री करायची तर लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेव आणि समोरून डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघ, मध्ये फुगवटा दिसेल, किंवा एका कोपऱ्यावर बोट ठेवलंस तर लॅपटॉप डुगडुगेल, किंवा खालच्या कव्हरच्या कडेला फट दिसेल जिथे आधी नखही जात नव्हतं.

यातलं काहीही दिसलं तर लगेच शट डाऊन कर, चार्जर काढ आणि परत लावू नकोस. फुगलेला भाग दाबून खाली बसवायचा प्रयत्न करायचा नाही, टाचणी मारून गॅस काढायचा तर विचारही नको. लिथियम बॅटरीला भोक पडलं किंवा ती वाकली की आत शॉर्ट होतो आणि ती पेट घेते, आणि ती आग बघताबघता वाढते. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटतेच असं नाही, महिनोनमहिने तशीच वापरलेलीही मी बघितली आहेत, पण आपली कधी पेटेल ते सांगता येत नाही आणि तू ती मांडीवर घेऊन बसतेस, संध्याकाळी मुलगा घेऊन बसतो. दुकानात नेईपर्यंत दिवाणावर नको, खिडकीच्या पडद्याजवळ नको, मोकळ्या फरशीवर ठेव. नेताना बॅगेत एकटाच ने, डबा, छत्री, फाइल काही त्याच्यावर दाबून भरू नकोस. कुरिअरने पाठवू नकोस. आणि बॅटरी काढली की जुनी बॅटरी घरी आणू नकोस, घंटागाडीत तर मुळीच टाकू नकोस, कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते आणि गाडीच पेटू शकते. बॅटऱ्यांच्या कचऱ्याचे नवे नियम आपल्याकडे २०२२ मध्ये आले, जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी त्यात बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्याला हक्काने दे.

नवीन बॅटरी घेताना सातशे-आठशे रुपये वाचतात म्हणून बिनानावाची घेऊ नकोस. बॅटरीवर आणि चार्जरवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण आणि तिच्याबरोबर आर पासून सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये टाकून बघता येतो, कंपनीचं नाव तेच निघालं तर ठीक. नंबरच नसेल किंवा भलत्याच वस्तूचा निघाला तर परत दे.

ही फुगली का, तर दोन कारणं तुझ्या पत्रातच आहेत. एक म्हणजे उष्णता. लॅपटॉप खालून हवा घेतो, बाजूने किंवा बिजागरीकडून गरम हवा सोडतो, आणि तू त्याला चार वर्षं उशीवर ठेवलायस, म्हणजे नाक दाबूनच की गं. असे लॅपटॉप आम्ही उघडतो तेव्हा पंखा आणि त्याच्यासमोरची धातूची जाळी यांच्यामध्ये धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा असा घट्ट थर निघतो की चिमट्याने धरून अख्खा सोलून काढता येतो, राखाडी रंगाचा, घोंगडीच्या तुकड्यासारखा. दुसरं म्हणजे चार्जर, रोज नऊ-साडेनऊ तास काम म्हणजे तो बहुतेक सतत लावलेलाच असणार. लिथियम बॅटरीला सतत शंभर टक्के भरलेलं राहणं मानवत नाही, त्यात गरम असेल तर आणखीनच. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, बॅटरीच्या सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये, नवीन बॅटरी बसवून घेतानाच दुकानदाराला ते चालू करून दे म्हणावं. पंखा पण साफ करून घे त्याच वेळी, वेगळे पैसे फार पडत नाहीत.

आता करंटचं. हात लावला की बारीक चुरचुरतं, बोटाने हळू घासलं की खरखर जाणवते, आणि पाय शहाबादी फरशीवर उघडे असतील तर जास्त, बरोबर? चार्जरची वायर भिंतीत जाते तिथे तीन पिना आहेत का बघ. बहुतेक चार्जरच्या ठोकळ्यात वायर खुपसतो तिथे तीन पाकळ्यांची खाच असते, त्यातली एक पाकळी अर्थिंगची. चार्जरच्या आत विजेतली गडबड गाळायला कपॅसिटर नावाचे छोटे भाग असतात, त्यातून अगदी थोडा करंट लॅपटॉपच्या बॉडीवर येतो आणि अर्थिंग असेल तर निमूट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो तिथेच राहतो आणि तुझ्या बोटातून वाट शोधतो. हा एवढासा करंट सहसा जीवघेणा नसतो. पण मला काळजी लॅपटॉपची नाही, तुझ्या घराची वाटते, कारण तीन पिनांची वायर असून, मध्ये दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलेला नसूनही करंट जाणवत असेल तर बहुतेक त्या सॉकेटला अर्थिंगच पोचत नाहीये, आणि मग गीझरला, वॉशिंग मशीनला तरी पोचतंय का हा प्रश्न आहे. जुन्या घरांमध्ये तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच जोडलेली नसते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. इलेक्ट्रिशियनला बोलावून सगळ्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घे आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घे. १८ हजार खर्च करायची तयारी आहे ना, त्यातले पहिले इथे जाऊ देत. बारीक चुरचुरण्याऐवजी कधी झटका बसला, किंवा चार्जरमधून जळका वास आला, तर तो चार्जर त्याच क्षणी बाद समज.

हं, आता मान.

खुर्चीचा तुझा प्रश्न मला महिन्यातून चार जण तरी विचारतात आणि मी सगळ्यांना एकच सांगते की दोष खुर्चीचा नाही, लॅपटॉपच्या घडणीतच आहे. पडदा आणि कीबोर्ड एका बिजागरीने जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर हवा, कीबोर्ड कोपरांच्या उंचीला हवा, आणि आपले डोळे आणि कोपर यांच्यामध्ये दीड-दोन फुटांचं अंतर आहे. मग लॅपटॉप खाली ठेवला की मान वाकते, वर ठेवला की खांदे आणि मनगटं वर जातात. १८ हजारांच्या खुर्चीत बसून टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघ, मान तितकीच वाकेल. ही चोपडीसारखी उघडायची रचना १९८२ च्या ग्रिड कंपास नावाच्या मशीनपासून रुळली, बिल मॉग्रिज या ब्रिटिश डिझायनरने केलेली, आणि ती बाहेरगावी फिरणाऱ्या माणसांसाठी होती, हॉटेलात तासभर काम उरकायला. रोज नऊ तास बसायला नव्हतीच ती. युरोपात तर १९९० मध्येच कामाच्या ठिकाणच्या कॉम्प्युटरसाठी नियम झाला की कीबोर्ड पडद्यापासून सुटा पाहिजे. तेव्हाच कळलं होतं लोकांना. आपल्याकडे घरून काम सुरू झालं, लॅपटॉप हातात आला आणि तो दिवाणावर गेला.

मान वाकण्याचं वजन किती पडतं ते सांगते. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, सरळ असेल तर मणके ते आरामात तोलतात. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला होता, त्यात मान १५ अंश वाकली की मणक्यावरचा भार १२ किलोच्या आसपास जातो, आणि ६० अंश वाकली की २७ किलो. हा गणिताने काढलेला अंदाज आहे, पण २७ किलो म्हणजे भरलेल्या गॅस सिलेंडरपेक्षा थोडंच कमी, आणि मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघताना आपली मान जवळपास तेवढी वाकते. एक कर, मुलाला सांग की तू कामात असताना, तुला न सांगता, बाजूने तुझा फोटो काढ. माझा असा फोटो माझ्या फिजिओथेरपिस्टबाईंनी काढला होता. २०२० मध्ये दुकान बंद होतं तेव्हा मी घरून, पलंगावर बसून, लोकांचे कॉम्प्युटर ऑनलाइन दुरुस्त करत होते, तीन महिन्यांत डावा हात वर जाईना. फोटोत माझा कान खांद्याच्या चांगला चार बोटं पुढे होता, आणि मला तर वाटत होतं मी ताठ बसलेय. कान खांद्याच्या वर, त्याच रेषेत पाहिजे, एवढं एकच बघ त्या फोटोत.

तर खुर्ची नको. एक साधा वायरचा कीबोर्ड आणि एक माउस घे, दोन्ही मिळून हजार-बाराशेत येतात. जेवणाचं टेबल आहे का घरात, किंवा कुठलंही, घडीचं चालेल. त्यावर लॅपटॉप उंच कर. स्टँड विकत मिळतो पण त्याचीही गरज नाही, घरात जुने दिवाळी अंक असतीलच, त्यांची पाच-सहा इंचांची चळत लाव, वर एक पाट ठेव म्हणजे कडक सपाट जागा होईल आणि खालून हवा मिळेल, त्यावर लॅपटॉप. पडद्याची वरची कड तुझ्या डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली यावी, आणि हात लांब केलास तर बोटं पडद्याला जेमतेम टेकावीत एवढा लांब. पडदा अगदी तुझ्या समोर, तिरका नको. कीबोर्ड खाली टेबलावर, माउस त्याला चिकटून, लांब नको. तुझा उजवा खांदा दुखतो म्हणतेस, तर माउस घेतल्यावर हात बाजूला पसरून लांब जात नाही ना याच्याकडे लक्ष दे, नाहीतर मान सुटेल आणि खांदा धरेल.

तुझी उंची लिहिलीस ते फार बरं केलंस, कारण आपल्याकडची जेवणाची टेबलं साधारण ३० इंच उंच असतात आणि पाच फूट एक इंचाच्या बाईला ती उंच पडतात. साध्या खुर्चीत बसून टेबलावर हात ठेवलास की खांदे कानाकडे जातात, आपल्याला कळतही नाही, नऊ तास खांदे उचलून बसतो आपण. म्हणून बूड वर घे. सतरंजीची किंवा जुन्या गोधडीची घट्ट घडी कर, मऊ उशी नको, ती बसते आणि वाकडं करते. कोपर काटकोनात येईल आणि टेबलाच्या उंचीला लागेल एवढी घडी. आता पाय अधांतरी होतील, तर पायाखाली पाट घे, एक पुरला नाही तर दोन, किंवा देवाचा नसलेला एखादा चौरंग. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, मांडीच्या मागची बाजू खुर्चीच्या कडेने दाबली जायला नको. आणि कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी, लाटण्यापेक्षा थोडी जाड, दोन टोकांना रबर लावून खुर्चीला बांधून टाक म्हणजे घसरणार नाही. हे सगळं करायला तुला रविवारची सकाळ पुरेल. मग दोन-तीन महिन्यांनी, त्या साध्या खुर्चीत कंबर अवघडतेय असं वाटलं तर खुर्ची बघ, आणि ती ऑनलाइन न घेता दुकानात जाऊन, पाय टेकतात का बघून घे, कारण बऱ्याच ऑफिसच्या खुर्च्या पूर्ण खाली केल्या तरी आपल्या उंचीला वरच राहतात.

बोटांच्या मुंग्यांकडे मात्र मी नुसतं "कीबोर्ड बदल" म्हणून सोडणार नाही. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं, आणि रात्री जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं (तसं होतं का? लिहिलं नाहीस), हे मनगटातल्या नसेचं लक्षण असू शकतं, तळहाताकडे जाणारी नस मनगटाच्या बोगद्यात दाबली जाते, डॉक्टर त्याला कार्पल टनेल म्हणतात. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या असत्या तर मी कोपराची नस म्हटलं असतं, टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणाऱ्यांना होतं तसं. आणि मानेतून येणारी नस दाबली गेली तरी हातात मुंग्या येतात, तुला मानेचं पण आहेच. हे घरी बसून ठरवता येत नाही, हाडांच्या डॉक्टरला किंवा मेंदू-नसांच्या डॉक्टरला दाखव. थायरॉइड आणि शुगरमुळेही असा त्रास होतो, त्यामुळे त्या दोन तपासण्या सांगितल्या तर खर्च म्हणून टाळू नकोस. तोवर टाइप करताना मनगट सरळ रेषेत ठेव, कीबोर्डच्या मागचे छोटे पाय उघडतो ना आपण, ते बंदच ठेव, त्याने मनगट वर मोडतं. रात्री मनगट दुमडून गालाखाली घेऊन झोपायची सवय असेल तर सोड, मेडिकलमध्ये मनगटाचा सरळ पट्टा मिळतो तो रात्री बांधून बऱ्याच जणांना आराम पडतो. हातातून कप निसटायला लागला, बटण लावता येईना, अंगठ्याखालचा मांसल भाग बसल्यासारखा दिसला, किंवा चालताना तोल जातोय असं वाटलं, तर मग अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, लगेच जा.

मांडीवरचे जाळीदार डाग उष्णतेचे असावेत. भाजत नाही, फोड येत नाही, पण रोज तासन्‌तास कोमट चटका बसत राहिला की कातडीवर तशी जाळी उमटते. काश्मिरात थंडीत फेरनच्या आत कांगडी घेऊन बसतात त्यांच्या पोटा-मांड्यांवर असे डाग पूर्वीपासून बघितले जातात. डाव्याच मांडीवर आहेत कारण तुझ्या लॅपटॉपचा पंखा बहुतेक डावीकडे असणार. लॅपटॉप टेबलावर गेला की काही महिन्यांत ते सहसा फिके पडतात. तिथली कातडी खडबडीत वाटली, जखम झाली किंवा डाग तसेच राहिले तर त्वचेच्या डॉक्टरला दाखव, कारण वर्षानुवर्षं तीच जागा भाजत राहणं चांगलं नाही. मिस्टरांनाही सांग मांडीवर घेऊ नका म्हणून, पुरुषांच्या बाबतीत तर तासाभरात जांघेतलं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढतं असं २००५ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे आणि मुलबाळ हवं असणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं असं डॉक्टरही सांगतात.

डोळ्यांचं सोपं आहे. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, पडद्याकडे बघताना ते निम्म्याहून कमी होतं, आणि तुझ्या दिवाणाच्या बरोबर वर पंखा असणार, हॉलमध्ये तसाच असतो. वरून वारा, पापणी उघडी, डोळा कोरडा. टेबल पंख्याच्या थेट खाली ठेवू नकोस. खिडकी बाजूला येऊ दे, पाठीमागे आली तर पडद्यावर चकाकते, समोर आली तर डोळे दिपतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायचं असा एक नियम डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, आपण तो सोपा करू, समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी बघ आणि दहा वेळा पापण्या पूर्ण मिट. अक्षरं मोठी कर, १२५ टक्के, त्यात कमीपणा काही नाही, अक्षर बारीक असलं की आपण पुढे वाकतो आणि सगळी मांडामांड वाया जाते. चष्म्याचा नंबर तपासून दोन वर्षं झाली असतील तर तेही करून घे.

आणि उठायचं. कितीही छान मांडून बसलीस तरी नऊ तास एका जागी बसणं शरीराला झेपत नाही, दर अर्ध्या तासाने उठच. गजर लावून ते होत नाही, गजर आपण बंद करतो. त्यापेक्षा पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नकोस, तांब्या स्वयंपाकघरातच राहू दे आणि फुलपात्र भरून पी, म्हणजे दर वेळी उठावं लागेल, आणि लॅपटॉपवर पाणी सांडायची भीतीही गेली. व्हिडिओ चालू नसलेला कॉल असेल तर उभी राहून, हॉलमध्ये फेऱ्या मारत घे. उठलीस की एकच व्यायाम कर, भिंतीला पाठ टेकवून उभी राहा, हनुवटी खाली न वाकवता सरळ मागे ओढ, म्हणजे डोक्याची मागची बाजू भिंतीकडे जाईल, पाच सेकंद धर, सोड, असं आठ-दहा वेळा. पहिल्या दिवशी मानेच्या मागे ताण जाणवेल तेवढा ठीक, पण हातात कळ गेली किंवा मुंग्या वाढल्या तर थांब आणि आधी डॉक्टरला दाखवून ये.

राहता राहिला मुलगा. बॅटरी बदलेपर्यंत त्याला तो लॅपटॉप देऊच नकोस, रडला तरी. नंतर तो त्याच टेबलावर बसू दे, दिवाणावर पालथा पडून नको, आणि चार्जरचा ठोकळा उशीखाली, पांघरुणाखाली कधीच नको, तो चांगला गरम होतो. नुसते व्हिडिओ बघायचे असतील तर कीबोर्ड बाजूला सरकव आणि लॅपटॉप थोडा मागे घे. तो बसेल तेव्हा दिवाळी अंकांची चळत अर्धी कर, कारण त्याची नजर तुझ्यापेक्षा खाली येते, आणि पायाखालचे दोन्ही पाट त्याच्याकडे सरकव, त्याला तुझ्याहून जास्त लागतील. त्याचाही बाजूने एक फोटो काढ, कान कुठे येतो बघ. आणि बॅटरीचं काय निघालं ते मला कळव, आजच ने म्हणजे झालं.